इशायाची शिदोरी आणि अँझॅक बिस्किटे



दावीद आणि गल्याथ यांची गोष्ट संडेस्कूलच्या लहान मुलांनाही पाठ असते. गोफण, ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे, आणि त्यांतला एक कपाळात बसलेला. पण दावीद त्या रणभूमीवर मुळात गेला कशाला, असे विचारले तर मोठी माणसेही क्षणभर थांबतात. तो लढायला गेला नव्हता. बापाने त्याला भावांचा डबा पोहोचवायला पाठवले होते.

१ शमुवेलाचा १७ वा अध्याय काढून पाहा. इशायाचे तीन थोरले मुलगे, अलियाब, अबीनादाब आणि शम्मा, शौल राजाच्या सैन्यात होते. चाळीस दिवस तो धिप्पाड पलिष्टी सकाळ-संध्याकाळ येऊन आव्हान देत होता आणि इकडे बेथलेहेमात म्हाताऱ्या बापाला मुलांचे काय झाले ते कळत नव्हते. मग त्याने धाकट्याच्या हाती एक एफा भाजलेले धान्य, दहा भाकरी आणि मुलांच्या सरदारासाठी पनीराच्या दहा वड्या दिल्या. एफा म्हणजे सुमारे २२ लिटरचे माप, म्हणजे ओझे काही हलके नव्हते. आणि जाता जाता सांगितले, भावांचे क्षेमकुशल विचार आणि त्यांच्याकडून काही खूण घेऊन ये.

यात दोन गोष्टी मला फार घरगुती वाटतात. एक, धान्य भाजलेले आहे. ओले, ताजे, नासणारे काही नाही; छावणीत चार दिवस पडून राहिले तरी खाता येईल असे. आणि दुसरी, ती खूण. डबा हे निमित्त. इशायाला हवे होते ते उत्तर. माझी मुले जिवंत आहेत ना?

अशाच एका शिदोरीचा इतिहास गेले काही दिवस वाचत होतो. काळ पहिल्या महायुद्धाचा, देश ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, आणि पदार्थ म्हणजे ओट्सचे एक साधे गोड बिस्किट. त्याला आज सारे जग अँझॅक बिस्किट म्हणते.

अँझॅक हे नाव ‘ऑस्ट्रेलियन अँड न्यूझीलंड आर्मी कोअर’ या सैन्याच्या आद्याक्षरांचे. २५ एप्रिल १९१५ च्या पहाटे हे सैन्य तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. काही दिवसांत संपेल असे वाटलेली ती मोहीम आठ महिने चालली आणि शेवटी माघार घ्यावी लागली. आठ हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन आणि २,७०० हून अधिक न्यूझीलंडचे तरुण तिथे मेले. ऑस्ट्रेलियाची तेव्हाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आत होती, न्यूझीलंडची तर त्याहून कितीतरी कमी. म्हणजे जवळजवळ प्रत्येक गावातल्या, प्रत्येक चर्चमधल्या कोणत्या ना कोणत्या बाकावर एक जागा रिकामी झाली.

त्या किनाऱ्यावर जवान काय खात होते? डब्यातले खारवलेले गोमांस, मुरंबा आणि सैन्याचे बिस्किट. हे बिस्किट म्हणजे आपण चहात बुडवतो ते नव्हे. मैदा, पाणी, मीठ यांचा कडक भाजलेला चौकोन, पावाच्या जागी द्यायचा. ते वर्षानुवर्षे टिके, पण दात पडायची पाळी येई, आणि कित्येकांचे खरोखरच तुटले. जवान त्याला फरशी म्हणत. काहीजण ते दगडाने कुटून, पाण्यात शिजवून त्याची लापशी करत. पाण्याचीही टंचाईच, तेही जहाजांतून आणावे लागे.

आणि काहीजणांनी त्या बिस्किटाचा वेगळाच उपयोग केला. त्यावर शाईने किंवा पेन्सिलीने चार ओळी लिहिल्या, घरचा पत्ता घातला आणि पोस्टकार्डासारखे घरी पाठवून दिले. कुणी त्याच्या मधोमध फोटो बसवून चौकट केली, कुणी त्यावर चित्र रंगवले. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी अशी बिस्किटे तिकडच्या संग्रहालयांत शाबूत आहेत. खाण्याची वस्तू घरून आघाडीवर जाते हे आपण समजू शकतो. इथे ती आघाडीवरून घरी आली. इशायाने मागितलेली खूण मला इथे दिसते.

आता घरून जाणाऱ्या बिस्किटाकडे येऊ.

साहित्य अगदी थोडे: चपटे केलेले ओट्स, मैदा, साखर, लोणी किंवा चरबी, गोल्डन सिरप, खाण्याचा सोडा आणि उकळते पाणी. खोबऱ्याचा कीस पुढच्या काळात आला. अंडे नाही, दूध नाही. युद्धकाळात अंडी दुर्मिळ होती असे कारण नेहमी सांगतात. पण मला पदार्थाचे गणितच जास्त पटते. ऑस्ट्रेलियाहून निघालेले पार्सल व्यापारी जहाजातून जाई, त्यात थंड पेटी नाही, वाटेत विषुववृत्ताचा उकाडा, आणि पोहोचायला कधी दोन महिने. अंडे घातलेला मऊ केक तिथवर पोहोचेपर्यंत हिरवा होईल.

बुरशीला पाणी लागते. पदार्थात मोकळे पाणी जितके कमी, तितका तो टिकतो. ओट्स आणि मैदा ओव्हनमध्ये कोरडे होतात, साखर आणि सिरप उरलेसुरले पाणी धरून ठेवतात, ते बुरशीच्या हाती लागू देत नाहीत. अंड्याचे काम, म्हणजे सगळे एकत्र बांधायचे, ते चिकट सिरप करते. आपल्या आयांना हे कोणी शिकवले नाही, पण त्यांना ठाऊक होते. प्रवासाला दशमी दुधात भिजवतात, पाण्यात नाही. नानखटाईत पाण्याचा थेंब नसतो. गुळपापडीचे लाडू, शंकरपाळे, नाताळचे कुलकुल, सगळ्यांचे शास्त्र तेच. आणि पवित्र शास्त्रात याची उलटी बाजूही आहे. यहोशवाच्या ९ व्या अध्यायात गिबोनी लोक आपण फार दुरून आलो असे भासवायला मुद्दाम वाळलेल्या, बुरशी आलेल्या भाकरी दाखवतात. भाकरीवरून वाट किती लांबची ते कळते, हे त्या काळीही सर्वांना माहीत होते. फसवणूक त्याच जाणिवेवर उभी होती.

गोल्डन सिरपबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऊस शुद्ध करताना तयार होणारा हा सोनेरी पाक, आपल्या काकवीची गोरी बहीण म्हणा. इंग्लंडात एब्रॅम लायल या कारखानदाराने १८८० च्या दशकात तो डब्यात भरून विकायला आणला. लायल हा देवभीरू प्रेस्बिटेरियन. त्याने डब्यावर चित्र घातले ते मेलेल्या सिंहाचे आणि त्याच्याभोवती घोंगावणाऱ्या मधमाश्यांचे. शास्ते १४ मधले शमशोनाचे कोडे! स्वयंपाकघराच्या फळीवर शंभर वर्षांहून अधिक काळ हे कोडे उभे राहिले, आणि किती घरांत कुणी मुलाला ते समजावून सांगितले असेल देव जाणे.

तर आया, बायका, बहिणी यांनी ही बिस्किटे भाजली, चहाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत घट्ट झाकून भरली आणि गॅलिपोलीच्या खंदकात पाठवली. अशी कथा तिकडे प्रत्येक २५ एप्रिलला सांगितली जाते. ही कथा कितपत खरी?

इथे इतिहासकारांनी थोडे थंड पाणी ओतले आहे. घरून जवानांना खाण्याची पार्सले जात होती, त्यात केक आणि बिस्किटेही होती, यात शंका नाही. पण आज आपण ज्याला अँझॅक बिस्किट म्हणतो ते, त्याच नावाने, गॅलिपोलीत पोहोचल्याचा पुरावा मिळत नाही. न्यूझीलंडच्या संशोधक हेलन लीच यांनी जुन्या पाककृतींची पुस्तके धुंडाळली. ड्युनेडिन शहरातल्या सेंट अँड्र्यूज चर्चने काढलेल्या पाकपुस्तकाच्या १९१५ च्या आवृत्तीत ‘अँझॅक केक’ आहे, आणि ओट्सचे कुरकुरीत बिस्किट ‘अँझॅक क्रिस्पीज’ या नावाने १९२१ च्या आवृत्तीत येते. सिडनीत १९१७ साली निघालेल्या ‘वॉर चेस्ट’ पाकपुस्तकात तर गंमतच आहे. त्यात अँझॅक बिस्किट या नावाखाली वेगळाच पदार्थ आहे, आणि आजच्या अँझॅकच्या अगदी जवळचे बिस्किट ‘रोल्ड ओट्स बिस्किट’ अशा साध्या नावाने दिले आहे.

मग ओट्सची ती बिस्किटे जात कुठे होती? बरीचशी घरच्याच मेळाव्यांत, चर्चच्या आवारातल्या सेलमध्ये, मिरवणुकांच्या वेळी विकली जात. त्यातून पैसा उभा राही आणि त्या पैशातून जवानांसाठी मोजे, साबण, सिगारेटी, कागद, खाऊ असे काय काय जाई. १९१६ मध्ये निरनिराळ्या प्रांतांतल्या अशा संस्था एकत्र येऊन ऑस्ट्रेलियन कम्फर्ट्स फंड स्थापन झाला. आपल्याकडे हंगामाच्या सणाला चर्चच्या अंगणात लिलाव लागतो, भोपळा पाचशेला जातो आणि सर्वांना माहीत असते की भोपळ्याची ती किंमत नव्हे; तसेच काहीसे.

मला हे ऐकून वाईट वाटले नाही, उलट बरे वाटले. आईने भाजलेले बिस्किट थेट मुलाच्या हातात पडले, हे चित्र गोड आहे, पण त्यात ज्याला आई आहे आणि जिच्याकडे टपालाचे पैसे आहेत त्याचीच सोय होते. चर्चच्या टेबलावर विकलेल्या बिस्किटाचा मोजा कुणाही अनोळखी पायात जाऊ शकत होता. शिवाय उपदेशात दृष्टांत म्हणून एखादी गोष्ट वापरताना ती खरी किती आणि वाढवलेली किती हे पाहायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे. आपण सत्याची साक्ष देणारे लोक म्हणवतो. सोयीच्या दंतकथा आपल्याला शोभत नाहीत.

आणि जी पार्सले खरोखर गेली, त्यांचे काय झाले? १९१५ च्या नाताळसाठी ऑस्ट्रेलियात ‘ख्रिसमस बिली’ची मोठी मोहीम निघाली. बिली म्हणजे चहा उकळायचे कडीचे पत्र्याचे भांडे. त्यात केक, गोळ्या, तंबाखू, मोजे, पेन्सिल, चिठ्ठी असे भरून वर झाकण लावायचे. भरणाऱ्या बाईला माहीत नसे की ते कोणाच्या हाती पडणार. काही भांड्यांवर एक चित्र छापलेले होते: कांगारू तुर्काला लाथ मारून गॅलिपोलीतून उडवतो आहे, आणि ही जमीन आता आमची, अशा अर्थाचे घमेंडीचे शब्द. भांडी पोहोचली तेव्हा २० डिसेंबरपर्यंत सैन्य अँझॅकचा किनारा रात्रीच्या अंधारात सोडून लेम्नॉस बेटावर आलेले होते. तिथे, मागे पुरलेल्या मित्रांच्या आठवणीत, जवानांनी ती झाकणे उघडली. केक खाल्ला. चित्राकडे पाहून त्यांना काय वाटले असेल ते सांगायला नको.

उशीर नेहमी एवढ्यावरच भागत नसे. पार्सल येई आणि ज्याच्या नावाचे त्याला पुरून आठवडा झालेला असे. त्या युद्धात अशा वेळी खाऊ सोबत्यांत वाटून टाकण्याची रीत होती. घरी आई अजून दिवस मोजत असते, आता पोहोचले असेल, आता त्याने उघडले असेल, आणि तिकडे तिचे बिस्किट दुसऱ्याच कुणाचा मुलगा खातो आहे. हे वाचताना मला दाविदाचा एक बारकावा आठवला. छावणीत पोहोचल्यावर त्याने आणलेला डबा सामानाच्या रखवालदाराच्या हवाली केला आणि तो पुढे धावला. थोरल्या भावाने तर त्याच्यावर खेकसूनच घेतले. ते धान्य आणि त्या भाकरी भावांनी खाल्ल्या की नाही, ती खूण इशायाला मिळाली की नाही, शास्त्र त्याबद्दल एक शब्द सांगत नाही.

गॅलिपोलीत आपली माणसेही होती, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. सुमारे १६ हजार भारतीय तिथे होते: शीख, गुरखे, डोंगरी तोफखान्याचे जवान, आणि खेचरांवरून दारूगोळा आणि पाणी वर चढवणारे हाकारे. सैन्याच्या त्या फरशीला कंटाळलेले अँझॅक जवान या हिंदी लोकांच्या चुलीकडे वळत आणि चपाती-कालवण खात. गाढवावर घालून जखमींना खाली आणणारा जॉन सिम्प्सन तर आपल्या तुकडीपेक्षा हिंदी तोफखान्याच्या तळावरच जास्त राहायचा, जेवायचाही तिथेच. वय २२. पहिल्या दिवशी उतरला आणि १९ मे रोजी गोळी लागून गेला. घरापासून इतक्या दूर त्याला ताजी भाकरी मिळाली ती ज्यांची भाषाही त्याला येत नव्हती अशांच्या हातची.

फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी जवानांना १९१४ च्या नाताळला राजकन्या मेरीच्या नावाने पितळी डब्या मिळाल्या. इंग्रज शिपायाला त्यात तंबाखू होता. शिखांच्या डबीत खडीसाखर आणि मसाल्याची डबी. कुणीतरी बसून विचार केला होता की तंबाखू न ओढणाऱ्याला काय द्यावे, आणि परमुलखात माणसाला कशाचा वास हवासा वाटेल. खडीसाखर आणि मसाला, दोन्ही न नासणारे.

पण आपल्या मराठी पलटणींचा मोठा भाग गेला तो मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. बेळगावकरांना हे वेगळे सांगायला नको. १९२२ पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र त्यांच्याच गावात आहे. सैन्याच्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी कुत अल-अमारा या नदीकाठच्या गावात ७ डिसेंबर १९१५ ला वेढले आणि २९ एप्रिल १९१६ ला ती शरण आली. मध्ये जवळपास पाच महिने. शिधा संपत गेला, घोडे मारून खायची वेळ आली, आणि धर्माच्या भीतीने कित्येक हिंदी जवानांनी तेही बरेच दिवस नाकारले. शेवटी विमानातून पोती टाकायचा प्रयत्न झाला, त्यातली काही तैग्रिस नदीत पडली. जवळपास १३ हजार माणसे कैद झाली, आणि वाळवंटातली ती पायपीट आणि कैद यांत हजारो मेली. या वेढ्यात कोणाच्या आईची पुरचुंडी शिरू शकत नव्हती. कोकणातल्या, देशावरच्या किती घरांत त्या शिमग्याला, त्या पाडव्याला कुणीतरी गुळपापडीचा एक लाडू बाजूला काढून ठेवला असेल, मनात येते.

आज आपल्या घरांतलेही कोणी ना कोणी बाहेर असते. कुणी गल्फमधल्या इस्पितळात नर्स, कुणी जहाजावर, कुणी शांतिसेनेच्या निळ्या टोपीत आफ्रिकेत. त्यांना नाताळचा डबा पाठवणाऱ्यांसाठी या बिस्किटाचे नेहमीचे प्रमाण देतो, कारण ते खरोखर टिकते. मैदा, ओट्स आणि सुक्या खोबऱ्याचा कीस प्रत्येकी एक वाटी, साखर पाऊण वाटी. १२५ ग्रॅम लोणी आणि दोन मोठे चमचे गोल्डन सिरप मंद आचेवर वितळवायचे. एक मोठा चमचा उकळत्या पाण्यात अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून त्यात घातला की फसफसून वर येते, तेव्हा लगेच कोरड्यात ओतून कालवायचे. छोटे गोळे ट्रेवर लांब लांब ठेवायचे, ते पसरतात. १६० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे. अधिक भाजले तर कडक आणि जास्त टिकाऊ, कमी भाजले तर मधून चिवट आणि खायला छान. परदेशी जायचे असेल तर कडकच बरे. सिरप नसेल तर काकवी चालते, चव थोडी गावाकडची लागते इतकेच.

भरण्याची घाई मात्र करू नका. बिस्किटे पार थंड होऊ द्या, रात्रभर ठेवली तरी चालेल. गरम असताना झाकण लावले की वाफ आतच राहते, बिस्किटे सादळतात आणि पंधरा दिवसांत बुरशी. खोबरे आणि लोणी आहे म्हणून फार महिने ठेवाल तर खवट वासही येईल. डबा पत्र्याचा असेल तर उत्तम, मधल्या फटींत चुरगाळलेला कागद घाला म्हणजे हलून चुरा होणार नाही. आणि पार्सलवर नाव लिहिताना त्याला कुकी म्हणू नका! ऑस्ट्रेलियात अँझॅक हे नाव १९१६ पासून कायद्याने जपलेले आहे. बिस्किट विकायला परवानगी मिळते, पण ‘अँझॅक कुकी’ म्हटलेले तिथल्या सरकारला चालत नाही, आणि मूळ कृतीपासून फार दूर गेलेलेही नाही.

डब्यात एक चिठ्ठीही टाका, आणि पोहोचल्यावर काहीतरी परत पाठव असे तीत लिहा. फोटो, दोन ओळी, काहीही. इशायाने तोंडी सांगितले होते.